कॅम्परभोवतीची मोहरी

सकाळी स्वयंपाकघराची खिडकी उघडली आणि मुरघासाचा वास आत आला. म्हणजे गवताची कापणी सुरू झाली. आयर्लंडमधल्या ट्रली गावाबाहेर आमचं घर ज्या रस्त्यावर आहे, तिथं जून आला की ट्रॅक्टरांची नुसती वर्दळ असते. कापलेलं गवत ढीग करून दाबायचं, वर काळं प्लास्टिक आणि त्यावर जुने टायर टाकायचे, की हिवाळाभर गाईंची सोय झाली. इथं सगळे त्याला सायलेज म्हणतात. मुरघास हा शब्द मला आईंनी, म्हणजे सासूबाईंनी दिला. मी पुण्याची, म्हशीचा आणि माझा संबंध पिशवीतल्या दुधापुरता. आई सांगलीकडच्या, दारात चार म्हशी असलेल्या. गेल्या वर्षी याच खिडकीत उभ्या राहून, नाक वर करून त्या म्हणाल्या होत्या, "मेधा, कुणीतरी मुरघास घातलाय गं. हितंबी?"

त्या 'हितंबी'त एवढा आनंद होता, की कोणाला वाटावं त्यांना माहेरचं माणूस भेटलं.

तो वास आला की मला आधी आई आठवतात आणि त्यांच्या पाठोपाठ कॅम्पर. तो अजून अंगणातल्या खडीवर उभा आहे. ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगते, हा कॅम्पर म्हणजे पिकअप ट्रकच्या पाठीवर ठेवायची एक खोली. आत दोन शेगड्या, एक छोटं सिंक, बसायला बाकं, आणि ट्रकच्या टपावर येतो त्या भागात पलंग. चार कोपऱ्यांना चार लोखंडी पाय. हँडल फिरवून पाय खाली सोडले की खोली ट्रकवरून उचलली जाते, ट्रक खालून निघून जातो आणि खोली आपली चार पायांवर उभी राहते. मला विचाराल तर हे सगळं मुळातच संशयास्पद आहे. घराला पाय आणि चाकं दोन्ही कशाला लागतात, हा माझा प्रश्न समीरने आजवर कानाआड केला आहे.

समीर, माझा नवरा, इथल्या हॉस्पिटलमध्ये डॉक्टर. आई दोन हजार वीसच्या जानेवारीत तीन महिन्यांसाठी म्हणून आल्या आणि मार्चमध्ये कोरोनाने सगळं जग बंद झालं. परतीचं विमान रद्द. सत्तरीपुढच्यांनी घराबाहेर पडू नये असं सरकारने सांगितलं, त्याला इथं 'कोकूनिंग', म्हणजे कोषात राहणं, असा गोड शब्द होता. आई बहात्तर वर्षांच्या आणि वर दमा. समीर रोज त्याच आजाराच्या पेशंटमध्ये उभा. आठवडाभर तो मागच्या दाराने येऊन गच्च मिटलेल्या खोलीत झोपला, पण घर ते केवढं, एका माणसाला शिंक आली तरी सगळ्यांना कळतं. शेवटी तो म्हणाला, "मेधा, मी घरात राहणं बरोबर नाही. आईला काही झालं तर..."

आमच्याच रस्त्यावर तिसरं घर नोराचं. तीही सत्तरीपुढची, तीही कोषात. तिचा नवरा मॉसी दोन वर्षांपूर्वी गेला, तेव्हापासून त्याचा ट्रक आणि त्यावरचा कॅम्पर तिच्या अंगणात तसाच उभा होता. समीर फाटकाबाहेरून विचारायला गेला, तर ती दारातून ओरडली, "घेऊन जा रे बाबा! उभ्या उभ्या कुजतोय तो. मॉसीला आवडलं असतं."

जुना कॅम्पर कसा बघून घ्यायचा हे नोराने आम्हाला वीस पावलांवरून, खुर्चीत बसून शिकवलं. सगळ्या भिंती आतून अंगठ्याने दाबायच्या, जिथं मऊ लागेल तिथं पाणी शिरलंय. खिडक्यांचे कोपरे बघायचे, बाकांखाली वास घ्यायचा. समीर दाबता दाबता भिंतींवर बोटं ठोकायलाच लागला, छातीत पाणी झालेला पेशंट तपासावा तसा. "उजव्या बाजूला, वर, थोडं आहे," असं निदान करून तो बाहेर आला. नोरा म्हणाली, "ग्रँड, चालायचंच. ते मॉसीच्या वेळेपासून आहे. त्याच्याकडे लक्ष देऊ नका."

आत सगळीकडे मॉसीच होता. पांढऱ्या चिकटपट्टीवर मोठ्या अक्षरांत त्याने ठिकठिकाणी लिहून ठेवलं होतं. पाण्याच्या टाकीच्या काट्याखाली: 'याच्यावर विश्वास ठेवू नका.' गॅसच्या कपाटावर: 'झोपण्याआधी बंद. नक्की? पुन्हा बघा.' एका बटणाखाली नुसतंच: 'नोराला विचारा.' नोराला विचारलं, तर तिलाही माहीत नव्हतं. ती हसली. आम्ही ते बटण अजून दाबलेलं नाही.

आमच्या अंगणात कॅम्पर उतरवताना पहिली चूक झाली. चारही पाय सारखे खाली यायला हवेत, थोडा हा, थोडा तो, असं गोल फिरत. समीरने घाईत एकच पाय फिरवत नेला आणि अख्खी खोली एका अंगावर कलली. मी किंचाळले. तेव्हा मागच्या पायावरची पट्टी दिसली: 'हा आळशी आहे. याच्यापासून सुरुवात करा.' मॉसीला मनातल्या मनात नमस्कार करून आम्ही पुन्हा पहिल्यापासून फिरवायला लागलो. सगळं जागेवर बसेपर्यंत दोघांच्या नाकी नऊ आले.

आई खिडकीतून बघत होत्या. त्यांनी एवढंच विचारलं, "लेकरू डब्यात ऱ्हाणार?"

"हॉस्पिटलचा नियम आहे आई," मी म्हणाले. ते खोटं होतं. असा काही नियम नव्हता. पण तुमच्यासाठी तो बाहेर राहतोय असं सांगितलं असतं, तर त्यांच्या घशाखाली घास उतरला नसता. समीरचं आणि माझं तसं ठरलं होतं.

मग ते दिवस सुरू झाले. समीर संध्याकाळी यायचा, अंगणातल्या नळाखाली हात धुवायचा आणि थेट कॅम्परमध्ये शिरायचा. मी पायरीवर ताट ठेवायचे, मागे सरायचे, मग दार उघडायचं. आई स्वयंपाकघराच्या खिडकीत. मधे वीस पावलांची खडी. माझं ऑफिसचं काम घरूनच चालू होतं, मीटिंगमध्ये मी गंभीर चेहरा करून बसलेली आणि मागून आईंचा आवाज, "भाकरी थापू का भात खातोय इचार त्येला!" तो फोनवर बोलायचा आईंशी, काच आणि खडी मधे ठेवून. दोघं एकमेकांना दिसत असायचे आणि तरी फोन कानाला. ते बघून मला कधी हसू यायचं, पण बहुतेक वेळा यायचं नाही.

आणि रोज दिवेलागणीला दृष्ट.

आमच्याकडे घरचं माणूस दमून, सुकून आलं की सासूबाई मीठ, मोहरी आणि सुक्या मिरच्या मुठीत घेतात, त्या माणसाच्या तोंडावरून फिरवतात आणि चुलीत टाकतात. समीरला लहानपणापासून याची सवय, आणि मोठेपणापासून चीड. आता तर मूठ फिरवायला माणूसच हाताशी नाही. पहिल्या दिवशी त्यांनी मागच्या दारातून, लांबूनच मूठ फिरवली. समाधान झालं नाही. "लांबनं काय हुतंय? नुसती हवा फिरती," म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी माझे बूट चढवले, स्वेटरवर शाल घेतली आणि मूठ पुढे धरून कॅम्परलाच फेरी मारायला लागल्या. एक, दोन, तीन. काहीतरी पुटपुटत, आळशी पायाला वळसा घालून. आत समीर दातांच्या डॉक्टरच्या खुर्चीवर बसल्यासारखा आखडून बसलेला.

"आई, डब्याची दृष्ट काढताय का?" मी खिडकीतून चिडवलं.

"डब्याची कशाला? डब्यातल्याची."

मग मूठ घरात आणून त्या दिवाणखान्यातल्या शेगडीत रिकामी करायच्या. तिथं टर्फ जळत असायचा, इथल्या दलदलीतून काढून वाळवलेल्या मातीच्या विटा. मातीच्या धुरात मोहरी तडतडायची. सांधेदुखीने त्यांची मूठ पुरती मिटत नाही, त्यामुळे शेगडीपर्यंत पोचेपर्यंत बरंच काही वाटेत सांडायचं. गालिच्यातली मोहरी मी रोज व्हॅक्यूम करायचे आणि कुरकुर करायचे. एवढ्या उजेडात, दहा वाजेपर्यंत न मावळणाऱ्या दिवसात, दिवेलागण नेमकी कधी धरायची हा त्यांचा एकच शास्त्रीय प्रश्न होता. शेवटी समीरचं ताट झालं की दिवेलागण, असं त्यांनी ठरवून टाकलं.

मे महिन्यात सत्तरीपुढच्यांना फिरायची मुभा मिळाली, तेव्हा नोरा रस्त्यापलीकडून जाताना हे बघायची. फाटकाशी थांबून हात हलवायची. आई मोकळा हात हलवायच्या. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती. एकदा नोराने मला विचारलं, "त्या काय म्हणतात ग फेऱ्या मारताना?" मी म्हणाले, प्रार्थना म्हणा. ती म्हणाली, "मॉसीच्या डब्याला कोणीतरी प्रार्थना करतंय, बरं वाटलं."

जुलैच्या सुरुवातीला डब्लिनहून एका विमानात आईंना जागा मिळाली. अठरा दिवस हातात होते. मी खुशीत सांगितलं, पण त्यांनी बांगड्या वर सरकवल्या आणि म्हणाल्या, "इमान येऊ दे न्हाईतर न येऊ दे. एकदा त्येच्या तोंडावरनं मूठ फिरवीन, मगच पाय उचलीन." चार महिने पोटच्या पोराला काचेतून बघणाऱ्या बाईची ही अट.

समीरने दोन आठवड्यांची रजा मागितली, मिळाली. तेवढे दिवस तो कॅम्परमध्येच, कोणालाही न भेटता राहिला, मग तपासणी केली. निगेटिव्ह असल्याचा निरोप आला तेव्हा तो पायरीवर येऊन दोन्ही हात वर करून उभा राहिला. आई धावल्याच असत्या, पण तोच म्हणाला, "उद्या, आई. समुद्रावर. मोकळ्या हवेत. कॅम्पर घेऊन जाऊ." अशी आमची पहिली सफर ठरली. आईंचं विमान चार दिवसांवर आलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ट्रक मागे घेत घेत कॅम्परखाली घालायचा होता. दोन्ही बाजूंना चार बोटं जागा. मी मागे उभी राहून हातवारे करत होते.

"उजवीकडे घे!"

"कोणाच्या उजवीकडे?"

हे असं तासभर चाललं. आठ वर्षांच्या संसारात झालं नसेल एवढं भांडण त्या तासात झालं. शेवटी खोली ट्रकवर बसली, चार कोपरे साखळ्यांनी आवळले आणि बघतो तर ट्रकचं मागचं अंग खाली, नाक आभाळाकडे, शिवाय डावीकडे झुकलेला. दारामागे मॉसीची पट्टी होतीच: 'जड वस्तू खाली आणि पुढे. आणि थोड्याच.'

मी मागची कपाटं उघडली. ज्वारीच्या पिठाचे दोन डबे, गच्च दाबून भरलेले. तांदळाची गोणी. शेंगदाण्याचं कूट, लसणाची चटणी, मेतकूट, लोणच्याच्या बरण्या. कुकर. बिडाचा तवा. आणि तळाशी त्यांनी सांगलीहून, माझा विरोध मोडून, विमानाने आणलेला दगडी खलबत्ता. मी उठायच्या आत त्यांनी हे सगळं एकेक करून अंगणातून वाहून नेलं होतं. माझा पारा चढला. एकेक डबा खडीवर आपटत मी म्हणाले, "दोन दिवसांसाठी एवढं, आई? ट्रक उलटेल! काही विचार करायचा की नाही?"

त्या बिचकल्या. मग हळू म्हणाल्या, "दोन दिसांसाठी न्हवं गं. मी गेल्यावर त्येला. ह्यो रोग काय एवढ्यात जातोय? नियम हाय म्हणल्यावर अजून किती म्हयने ऱ्हावं लागंल आत. तू तुझ्या कामात. त्येचं त्येला करून खायला काय तरी असू दे."

आणि मी, रागाच्या भरात, बोलून गेले. "तुम्ही गेलात की तो घरातच येईल ना!"

ट्रकखाली साखळी तपासणाऱ्या समीरचा हात थांबला. आई माझ्याकडे बघत राहिल्या. त्यांनी शाळा चौथीपर्यंत केली आहे, पण हिशेब त्यांना कधी चुकत नाही.

"म्हंजी माझ्यापायी," त्या म्हणाल्या.

मला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. मी "तसं नाही आई" म्हणाले, पण तसंच होतं. त्या वाकल्या, पिठाचा एक डबा कडेवर घेतला आणि घरात नेऊन ठेवला. परत आल्या, दुसरा नेला. मी खलबत्ता उचलला तर म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे, जड हाय," आणि तोही स्वतःच नेला. ट्रक सरळ झाला. चार महिन्यांत त्यांना एवढं म्हातारं मी पाहिलं नव्हतं. माझं ते वाक्य मला आजही परत घ्यावंसं वाटतं.

ट्रलीपासून समुद्र लांब नाही, पण आम्ही बैलगाडीच्या वेगाने गेलो. प्रत्येक वळणावर मागची खोली कुरकुरायची आणि समीर खांदे आखडायचा. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना लाल लोलकासारखी फुलं लागलेली कुंपणं होती. आई मागच्या सीटवर, मास्क लावून, उघड्या खिडकीतून ती बघत होत्या. किनाऱ्यावर ट्रक लावला, पायरी सोडली. वारा सुटला होता. समीर पायरीवर बसला आणि आई त्याच्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. मधे वीस पावलं नव्हती, खडी नव्हती, काही नव्हतं, तरी दोघंही तसेच थांबले. सवय झाली होती.

"मला सांगायचं न्हाई व्हय रं?" त्या म्हणाल्या.

"सांगितलं असतं तर तू पहिल्या विमानाने गेली असतीस."

"इमानं कुठं हुती, येड्या?"

तो हसला. मग त्याचं तोंड वेडंवाकडं झालं आणि त्याने ते आईच्या पदरात घातलं. मी पाण्याच्या टाकीचा काटा बघायला म्हणून आत गेले, ज्याच्यावर विश्वास ठेवायचा नाही तो.

आईंनी मूठ आणलीच होती, पदराच्या टोकाला बांधून. त्याच्या तोंडावरून फिरवली, कपाळापासून हनुवटीपर्यंत, सावकाश. सात वेळा. मधे थांबून गालाची हाडं चाचपली. "वाळलाईस," म्हणाल्या. मग आत येऊन त्यांनी कॅम्परच्या शेगडीवर तवा ठेवला आणि मूठ त्यात रिकामी केली. मी थांबवायच्या आत.

तेवढ्याशा खोलीत मिरच्यांचा धूर! छतावरचा अलार्म बोंबलायला लागला आणि आम्ही तिघंही खोकत, डोळे पुसत वाळूवर येऊन पडलो. जुलै वीसमध्ये आयर्लंडच्या किनाऱ्यावर तीन माणसं पोट धरून खोकतायत म्हणजे काय, विचार करा. कुत्रं फिरवणारं एक जोडपं जागच्या जागी वळलं. एका माणसाने पोरांना उचललं. समीर खोकत खोकत ओरडत होता, "वी आर फाइन! चिली! इट्स जस्ट चिली!"

आई मात्र खुश. दृष्ट लागलेली असली तर मिरचीचा ठसका लागत नाही, असं त्यांचं शास्त्र. "एवढा ठसका! म्हंजी काय बी लागलेलं न्हाई माझ्या लेकराला."

"मग चार महिने काय काढत होतात?" मी विचारलं.

"म्हणून तर न्हाई लागली," त्या म्हणाल्या आणि डोळ्याला पदर लावला. धुरामुळे म्हणाल्या.

चौथ्या दिवशी त्या गेल्या.

यंदाचा एप्रिल आणि मे कसा गेला ते लिहायचं नाही असं ठरवलं होतं. गावाकडे आईंना ताप आला, तेरा दिवस. इथून कोणाला जाता येईना. तिकडे त्यांचा पुतण्या बोटाला लावायचं ऑक्सिजनचं यंत्र आणि फोन समोर धरायचा आणि समीर इकडे आकड्याकडे बघत बसायचा. आता काच आठ हजार किलोमीटर जाडीची होती. मी त्याच्याशेजारी बसून असायचे आणि मला त्यांची खिडकीतली उभी मूर्ती दिसायची. चौदाव्या दिवशी त्यांनी भाकरी मागितली, आणि समीर हॉस्पिटलला उशिरा गेला.

आज रविवार. मुरघासाच्या वासाने आम्हा दोघांनाही एकच आठवलं असावं, कारण चहा घेता घेता तो म्हणाला, "कॅम्पर चढवूया का ट्रकवर?" हिवाळ्यात मॉसीचा तो उजवा कोपरा गळला होता, आम्ही छतावर चढून डिंक भरला होता, आता कोरडा ठणठणीत. मी हातवारे करायला मागे जाऊन उभी राहिले. समीरने ट्रक मागे घेतला आणि मधेच थांबवला. खाली उतरला.

सफरीहून आल्यावर जुन्याच जागी उतरवलेल्या कॅम्परच्या चारही बाजूंनी, खडीतून, गुडघ्याएवढी झाडं आली होती. पिवळी फुलं, खाली कोवळ्या शेंगा. मी आठवडाभर तण, तण म्हणत होते, उपटायचं राहून गेलं होतं. समीरने एक पान चुरडून माझ्या नाकाशी धरलं. मोहरी. आळशी पायाजवळ फेरी जिथं रुंद व्हायची, तिथं झाडंही रुंद वळून गेली होती.

त्याने फोन लावला आणि तो कॅम्परच्या पायरीवर उभा करून ठेवला. आई दिसल्या, वाळलेल्या, पण कुंकू ठसठशीत लावलेल्या... कुंकू त्या मामंजी गेल्यावरही लावतात, कोणी काही म्हटलं तर त्याचं तोंड बंद करतात. समीरने त्यांना झाडं दाखवली.

"अगं बया," त्या म्हणाल्या. "माझी मूठ गळकीच. गाडी घाल वरनं, लेका. मोहरी हाय ती, परत उगवतीया."

त्याने गाडी घातली नाही. तो घरात गेला. काचेचं कपाट उघडल्याचा, डबे हलवल्याचा आवाज आला. बाहेर आला तेव्हा मुठीत मीठ आणि दोन सुक्या मिरच्या होत्या. वाकून त्याने मूठभर शेंगा तोडल्या, त्यात घेतल्या, आणि पायरीसमोर उकिडवा बसून ती मूठ फोनवरून फिरवायला लागला. कपाळापासून हनुवटीपर्यंत, सावकाश. हा माणूस ज्याने मला थेंबातून जंतू कसे पसरतात यावर तास तास ऐकवलं आहे.

आई पलीकडून डोळे बारीक करून बघत होत्या.

"फोनची दृष्ट काढतोयस व्हय रं?"

"फोनची कशाला?" समीर म्हणाला. "फोनमधलीची."